नाणेघाट खालून चढा

महोदय,

पावसाळा आला की नाणेघाटातल्या, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरच्या, गर्दीच्या बातम्या येतात. बहुतेक मंडळी जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडीनं माथ्याजवळ पोचतात, वाऱ्यानं वर उडणाऱ्या उलट्या धबधब्याचा व्हिडिओ काढतात आणि परततात. त्यांनी कडा पाहिला. घाट पाहायचा राहूनच गेला.

मी एसटीत कंडक्टर होतो. ३१ वर्षं कल्याण-माळशेज मार्गावर काढली. वैशाखरे जवळ आलं की उजवीकडे नाणेघाटाजवळचा अंगठ्यासारखा सुळका, नानाचा अंगठा, दिसायचा. भाजीची पाटी घेऊन चढणारी एक ठाकर आजी मागच्या सीटवर बसून त्याची गोष्ट सांगायची. नाना आणि गुणा यांची पैज लागली, ज्याचा घाट आधी पुरा होईल त्याचं नाव राहील. नानाचा झाला, गुणाचा अर्धाच राहिला. “आन् आता अंगठा दावतोय त्यो गुनाला!” म्हणून स्वतःच हसायची.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा पायथ्यापासून चढलो. रमतगमत तीन तास लागले. आधी झाडीतली सपाटी, मग कारवीतून चढ, मग झिजलेल्या दगडी पायऱ्या आणि कातळातली पाण्याची टाकी. माथ्याजवळच्या गुहेत मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली काहींची पावलं तेवढी उरलीत. बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा. मला तो वाचता येत नाही, पण एका जाणकारानं त्यातले आकडे दाखवले. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा. तरीही २४,४०० कार्षापणांची नोंद चोख! रोज रात्री डेपोत कॅश जुळवून घाम फुटलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. सुट्ट्या पैशांवरून तिथंही भांडणं झाली असतील.

विनंती एवढीच, की एकदा तरी खालून चढा, सोबत पायथ्याच्या गावातला माणूस घ्या, त्याला त्याचे पैसे द्या आणि त्याच्याकडून गोष्ट ऐका. पायथ्याशी लेखाचा अर्थ साध्या मराठीत सांगणारा एक ठळक फलकही हवा. त्यावर गुणाचंही नाव असू द्या.

– एक निवृत्त एसटी कंडक्टर, मुरबाड