आई सापडली

प्रिय बाळ्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन आले तेही उचलले नाहीत, आणि तू रागावला असशील हे मला ठाऊक आहे. काय सांगायचं तेच ठरत नव्हतं रे. माझी शुगर आटोक्यात आहे, ही बरी आहे, घरचे बाकी ठीक.

आई सापडली.

एका समाजसेविकेचा फोन आला. तिने आजोळच्या गावाचं नाव घेतलं, मामाचं नाव घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांचे चिरंजीव का?" मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. आपण मिरज, कुर्डुवाडी, सोलापूर पालथं घातलं, दोन वर्षं वारीत प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे बघत चाललो, तुझ्या मामेभावाच्या छापखान्यात पत्रकं काढली. आणि 2019 पासून ती एका मनोरुग्णालयात होती. एका रात्रीच्या एसटीवर! तिने नाव सांगितलं ते माहेरचं. सासरचं आडनाव तिने कोणालाच सांगितलं नाही. का, ते तुला सांगायला नको. मागची खोली तू पाहिली आहेस.

पोलिसांना ती फलाटावर मिळाली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे म्हणे, असं भटकणारं माणूस दिसलं की पोलिसांनी ताब्यात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. नोंद झाली, पण माहेरच्या नावाने. औषधं चालू झाल्यावर वर्षभरात ती सावरली. पुढची तीन वर्षं मात्र न्यायला कोणी नाही म्हणून वॉर्डातच. त्याच कायद्याचं 19 वं कलम सांगतं की केवळ घर नाही म्हणून कोणाला तिथे ठेवता येत नाही. कागदावर हे होतं, आणि माझी आई लोखंडी खाटेवर होती. बरी झालेली अशी माणसं भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं थांबवा, असं सुप्रीम कोर्टाला जुलै 2021 मध्ये आपल्या राज्य सरकारला बजावावं लागलं. हे वाचून मी दोन रात्री झोपलो नाही.

मग 2023 मध्ये एका संस्थेने तिला घरात आणलं. खरंच घर आहे, बाळ्या. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने 2015 मध्ये 'होम अगेन' म्हणून जे सुरू केलं, त्याच धर्तीवर. साध्या आळीत भाड्याचं घर, त्यात पाच बायका आणि सोबतीला एक ताई. गोळ्यांची वेळ ताई बघते, बँकेत सोबत जाते, आधारचं काम तिनेच मार्गी लावलं. बाकी स्वयंपाक, बाजार, भांडणं सगळं पाचजणींचं. आईकडे भाकरी आहे, कारण बाकीच्या चौघींना ती थापता येत नाही असं तिचं ठाम मत आहे.

मी दारात उभा राहिलो तेव्हा आतून कुलूप काढल्याचा आवाज आला. किल्ली तिच्या पदराला बांधलेली. तिने मला ओळखलं. "वाळलास," म्हणाली, आणि पहिला प्रश्न काय असेल? "तो डब्यातली वांगी मांजराला घालणारा पोरगा कुठे असतो?" सतरा वर्षांनी, बाळ्या! तुझी वांगी तिच्या ध्यानात आहेत.

ताईने सांगितलं, पहिले चार-पाच महिने ती चपला उशाखाली घेऊन झोपायची. फलाटावर चपला चोरीला जातात ना. आता उंबऱ्याबाहेर पाच जोड ओळीत असतात, त्यात तिचा निळ्या पट्ट्याचा. मी त्या चपलांकडेच बघत बसलो होतो. चहा निवला, मग तीच ओरडली.

आता माझ्या जिवाला काय लागलंय ते सांगतो. ती यायला तयार नाही. "गणपतीला चार दिवस येईन, राहणार नाही," म्हणते. काका म्हणतात, पोरगा असताना आई परक्यात, लोक तोंडात शेण घालतील. तेच काका ज्यांनी बाहेरून कडी घातली. अक्का रडते. ही म्हणते, आईंना विचारा आणि त्यांचं ऐका. आणि मला सोलापूरच्या फलाटावरचं आपलं भांडण आठवतं. "सापडली तर ठेवणार कुठे?" तू विचारलंस आणि मी तुझी कॉलर धरली. दोन वर्षं बोललो नाही. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवणारे डॉ. भरत वाटवानी, त्यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा तू त्यांच्या कर्जतच्या कामाचं कात्रण पाठवलंस, तेव्हा कुठे आपलं बोलणं सुरू झालं. तुझा प्रश्न बरोबर होता रे. मी तेव्हा फक्त शोधत होतो, पुढचं काही मनात नव्हतं.

मी तिला आणायला हवं का? तिथे तिची शेजारीण आहे, भाजीवाला उधार देतो, संध्याकाळी देवळात जाते. इथे माझं घर आणि ती मागची खोली. पण मी तिचा मुलगा आहे, आणि सतरा वर्षं माझ्या हातून तिला घासभर जेवण गेलं नाही. हे ओझं मी कुठे ठेवू? तूच सांग, तू तिच्या हातचं जेवला आहेस.

परवा मी त्या दाराची कडी काढली. चार भोकं राहिलीत, सुतार येतो म्हणालाय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन केलंत का? धाकटीच्या बारावीचं कळव. बदलीचं काही झालं का, तेही.

आणि गणपतीला ये. तिला आणायला आपण दोघे जाऊ, मी एकटा गेलो तर वाटेत काय बोलू? रात्रीची गाडी आहे. खिडकीची जागा तुला. चिक्की आणू नकोस, दात राहिले नाहीत तिचे. मऊ पेढे आण, पाचजणींना पुरतील एवढे.

तुझा,
सुध्या