गणिताच्या बातमीत ‘तपासले कोणी?’ हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणितातल्या नव्या शोधांच्या बातम्या अलीकडे बऱ्यापैकी छापून येऊ लागल्या आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र ‘संगणकाने शतकांचे कोडे सोडवले’ असा मथळा असतो आणि संगणकाने नेमके काय केले, हे बातमी वाचून संपली तरी कळत नाही. आकडेमोड केली, एखादे उदाहरण शोधून काढले, की कुणाची सिद्धता तपासली? ही तीन कामे निराळी आहेत. गेल्या वीसएक वर्षांत गणितात सर्वांत मोठा बदल घडवला तो तिसऱ्या कामाने, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमके त्याबद्दलच सर्वांत कमी लिहिले जाते, म्हणून हे पत्र.

आकडेमोडीची बाजू लोकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी ग्राफिक्स कार्डांच्या बळावर एक प्रचंड मूळ संख्या शोधली. 2 चा 136279841 वा घात काढून त्यातून 1 वजा केला की ती मिळते, आणि तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत. अशा शोधाची बातमी आली की ‘यामुळे सायबर सुरक्षेला बळ मिळेल’ असे एक वाक्य हमखास जोडले जाते. ते चुकीचे आहे. सांकेतिक संदेशांसाठी वापरतात त्या मूळ संख्या काही शे अंकी असतात. चार कोटी अंकी संख्येचा तिथे उपयोग नाही, आणि जी साऱ्या जगाला माहीत आहे ती गुपित राखायला काय कामाची? या बातमीतला खरा ऐवज तिच्या इतिहासात आहे. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने 1876 मध्ये 2 चा 127 वा घात वजा 1 ही 39 अंकी संख्या मूळ असल्याचे संगणकाशिवाय दाखवले होते. त्यासाठी त्याने बसवलेली कसोटी पुढे डेरिक लेमर यांनी 1930 च्या सुमारास सुधारली. 2024 च्या संख्येवर शिक्कामोर्तब झाले ते याच कसोटीने, वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगवेगळ्या आज्ञावल्यांनी पडताळून.

उदाहरण शोधण्याचे काम त्याहून सोपे वाटते, पण त्यानेही मोठमोठ्या अटकळी धुळीला मिळवल्या आहेत. ऑयलरने 1769 मध्ये म्हटले होते की पाचव्या घाताची संख्या चारच पाचव्या घातांच्या बेरजेतून मिळणार नाही, निदान पाच तरी लागतील. लँडर आणि पार्किन यांनी 1966 मध्ये संगणक कामाला लावला आणि 27, 84, 110 व 133 या संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज 144 च्या पाचव्या घाताएवढी भरते, हे दाखवले. त्यांचा शोधनिबंध दोन वाक्यांचा आहे. त्याहून जास्त लिहायची गरजही नव्हती, कारण कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही खात्री करता येते: दोन्हीकडे 61917364224 येतात.

जिथे अशी खात्री करता येत नाही तिथे खरा पेच सुरू होतो. कोणताही नकाशा शेजारी प्रदेशांना वेगळे रंग देऊन चार रंगांत रंगवता येईल का, हा प्रश्न फ्रान्सिस गथ्री यांनी 1852 मध्ये विचारला. केम्पे यांनी 1879 मध्ये त्याची सिद्धता दिली आणि ती सर्वांनी मान्य केली. तिच्यातली चूक हीवुड यांनी 1890 मध्ये दाखवली. म्हणजे अकरा वर्षे चुकीची सिद्धता खरी मानली गेली, आणि तीही जाणकारांकडून. 1976 मध्ये अपेल आणि हाकेन यांनी हजाराहून अधिक तासांच्या संगणकीय गणनेने प्रश्न निकालात काढला, तेव्हा गणिती जगात खळबळ उडाली. माणसाने वाचून पुरी न होणारी सिद्धता मानायची की नाही, यावर तत्त्वज्ञही भांडले. पुढे 2005 मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी या प्रमेयाची संपूर्ण सिद्धता ‘कॉक’ या प्रणालीत लिहून तपासून घेतली, तेव्हा तो वाद खऱ्या अर्थाने शमला.

ही प्रणाली स्वतः काही शोधत नाही. सिद्धतेची प्रत्येक पायरी तर्काच्या नियमांनी आधीच्या पायरीवरून निघते का, एवढेच ती पाहते. ‘हे उघड आहे’ किंवा ‘बाकीचे वाचकाने पूर्ण करावे’ तिला चालत नाही. तपासणारा गाभा मुद्दाम लहान ठेवलेला असतो, म्हणजे विश्वास ठेवायचा तो तेवढ्याच भागावर. अर्थात विधानच चुकीचे लिहिले असेल तर प्रणाली निमूटपणे चुकीच्या विधानाची सिद्धता तपासून देईल. विधान आपल्याला हवे तेच आहे ना, हे माणसालाच वाचावे लागते.

केप्लरच्या 1611 मधल्या अटकळीची कथा याच वळणाची आहे. सारख्या आकाराचे गोळे सर्वांत दाट कसे रचावेत, हा तो प्रश्न. टॉमस हेल्स यांनी 1998 मध्ये उत्तर दिले. परीक्षकांच्या गटाने काही वर्षे घालवली आणि शेवटी कळवले की आमची 99 टक्के खात्री आहे. हेल्स यांना तो उरलेला एक टक्का डाचत राहिला. त्यांनी मोठा गट जमवला, आणि 2014 मध्ये संपूर्ण सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली. 2018 मध्ये फील्ड्स पदक मिळवलेले पेटर शोल्त्से यांनीही डिसेंबर 2020 मध्ये आपल्याच एका प्रमेयाबद्दल पुरती खात्री वाटत नाही, कोणीतरी ते तपासून द्या, असे जाहीर आवाहन केले. जुलै 2022 पर्यंत ‘लीन’ या प्रणालीत ते काम पूर्ण झाले. एवढ्या मानाच्या गणितज्ञाने असे उघडपणे विचारावे, याबद्दल मला फार आदर वाटतो.

आता ज्या शोधाबद्दल मला पोटतिडकीने लिहायचे आहे तो. ट्युरिंग यंत्राची कल्पना अगदी साधी आहे. दोन्ही बाजूंना न संपणारी पट्टी घ्या, तिच्या प्रत्येक घरात 0. यंत्र समोरच्या घरातला अंक वाचते, तिथे 0 किंवा 1 लिहिते, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि नव्या अवस्थेत जाते किंवा थांबते. अवस्था म्हणजे पुढे कोणते नियम पाळायचे हे ठरवणारी यंत्राची स्थिती. अवस्था पाच असतील, तर प्रत्येक अवस्थेत 0 दिसल्यास एक आणि 1 दिसल्यास एक असे सगळे नियम दहा चौकटींच्या तक्त्यात मावतात. अशी काही यंत्रे थांबतात, काही अनंत काळ चालत राहतात. थांबणाऱ्यांपैकी सर्वांत उशिरा थांबणारे किती पावले चालते, असा प्रश्न टिबोर राडो यांनी 1962 मध्ये मांडला. एका अवस्थेसाठी उत्तर 1, दोनसाठी 6, तीनसाठी 21, चारसाठी 107. पाच अवस्थांसाठी मार्क्सेन आणि बुंट्रॉक यांना 1989 मध्ये 4,71,76,870 पावलांनी थांबणारे यंत्र सापडले.

याहून उशिरा थांबणारे एखादे असेल का? नाही म्हणायचे, तर उरलेल्या प्रत्येक यंत्राचा हिशेब द्यावा लागतो, आणि दहा चौकटींचे असे तक्ते सुमारे 63 लाख कोटी होतात. एकसारखी वागणारी वगळली तरी कोट्यवधी उरतात. त्यात ‘हे यंत्र थांबेल का’ हे सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ट्युरिंगने 1936 मध्येच दाखवून ठेवले आहे. म्हणजे कित्येक यंत्रांसाठी निराळी युक्ती शोधणे आले. ‘स्केलेट 1’ नावाच्या यंत्राचे वागणे पाहून तर छाती दडपते. त्याचे चक्र, म्हणजे त्याच त्या हालचालींची न थांबणारी पुनरावृत्ती, सुरू होते ते 1 वर 51 शून्ये एवढ्या पावलांच्याही पुढे, आणि ते एक चक्रच आठशे कोटींहून अधिक पावलांचे आहे. नुसते चालवून पाहणाऱ्याला ते कधीच दिसले नसते.

2022 मध्ये त्रिस्तां स्तेरें यांनी हे काम सर्वांसाठी खुले केले. पुढे आलेल्यांत बरेच जण हौशी होते, विद्यापीठांशी संबंध नसलेले. जुलै 2024 मध्ये संपूर्ण सिद्धता कॉकमध्ये तपासली गेली आणि 4,71,76,870 हेच उत्तर कायम झाले. ती सिद्धता पूर्ण करणाऱ्या व्यक्तीने स्वतःचे नाव उघड केलेले नाही, फक्त एका टोपणनावाने ती व्यक्ती ओळखली जाते. तरीही निकाल मान्य झाला, कारण पद, पदवी, ओळखपाळख यांपैकी कशाचाच त्याला आधार लागत नाही. हे घडले तेव्हा त्याला पहिल्या पानावर जागा मिळायला हवी होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांनाही हीच फूटपट्टी लावावी. जुलै 2024 मध्ये एका प्रणालीने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांत 42 पैकी 28 गुण, म्हणजे रौप्यपदकाएवढे, मिळवल्याचे जाहीर झाले. त्यातल्या बीजगणित व संख्या-सिद्धांताच्या सिद्धता लीनमध्ये होत्या, म्हणून त्या बरोबर आहेत हे यंत्रानेच तपासले होते. पण प्रश्न लीनच्या भाषेत माणसांनी उतरवून दिले होते, आणि काही उत्तरांना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला. हे दोन्ही तपशील वाचकाला मिळायला हवेत.

तेव्हा विनंती अशी, की गणितातल्या प्रत्येक नव्या दाव्याच्या बातमीत एक ओळ तपासणीची असावी: परीक्षकांनी वाचले आहे, प्रणालीने तपासले आहे, की अजून कोणीच पाहिलेले नाही. सहा अवस्थांच्या यंत्रांवर सध्या काम चालू आहे. त्यात ‘अँटिहायड्रा’ नावाचे एक यंत्र आहे. ते थांबेल का, हा प्रश्न कोलाट्झच्या सुप्रसिद्ध, अजून न सुटलेल्या अटकळीसारखाच आहे. तो प्रश्न सुटल्याचा दावा कधी तुमच्याकडे आला, तर ही ओळ कृपया मथळ्याच्या लगेच खाली द्यावी.

आपला,
गणिताच्या बातम्या आवर्जून वाचणारा एक वाचक