हार्ड डिस्कच्या बिलावर मॉडेल नंबर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नाचा हंगाम तोंडावर आला की राजारामपुरीत आम्हा फोटो-व्हिडिओवाल्यांत एकच वाद रंगतो, यंदा हार्ड डिस्क कुठल्या कंपनीची घ्यायची? एक म्हणतो, सीगेटचं नाव काढू नको. दुसरा म्हणतो, माझी तर वेस्टर्न डिजिटलच बसली. ज्याची जी गेली ती कंपनी वाईट, एवढ्यावर आमचं शास्त्र संपतं.

फिरत्या तबकडीची डिस्क बनवणाऱ्या आता जगात तीनच कंपन्या उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्स्टर २००६ मध्ये सीगेटनं घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये तिकडंच गेला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडं. तिघांतला एक चोर आणि दोन साव असा प्रकार नाही. फरक पडतो तो मॉडेलमध्ये. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही डेटा साठवणारी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कचा हिशेब ठेवते आणि तो जाहीरही करते. त्यात सीगेटचं ३ टीबीचं (टेराबाइट, म्हणजे डिस्कमध्ये किती मावतं त्याचं माप) एक मॉडेल सपाटून पडलं, आणि त्याच सीगेटचं ४ टीबीचं मॉडेल कितीतरी बरं टिकलं. मग सीगेटला चांगलं म्हणायचं की वाईट?

वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्कचं बघा. ४ टीबीचं एक मॉडेल डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स, दुसरं डब्ल्यूडी४०ईएफएएक्स. २०२० पर्यंत दोन्हींचं नाव तेच, फरक एका अक्षराचा. पण दुसऱ्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहितात, त्यामुळं जुन्या जागी पुन्हा मोठं काम लिहायला घेतलं की डिस्क रखडते. ही पद्धत कुठल्या मॉडेलांत आहे हे कंपनीनं उघडपणे सांगितलं ते २०२० मध्ये, बोंबाबोंब झाल्यावर.

आता आपल्याकडचं बिल काढून बघा. 'एचडीडी ४ टीबी, १ नग'. झालं! मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. विचारलं तर, "साहेब, कंपनीची हाय, डोळं झाकून न्या." आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओत अशीच डोळे झाकून आणलेली 'नवी कोरी' डिस्क मी डोळे उघडून बघितली. पिशवी सीलबंद होती, पण स्क्रूच्या भोकांच्या कडा घासलेल्या आणि केबल बसते तिथल्या पिनांवर ओरखडे. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर ऑन अवर्स'चा, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली त्याचा, आकडा हजारांत! नव्या डिस्कला तो शून्य किंवा त्याच्या आसपास असतो. दुकानदारानं बदलून दिली, पण बिलावर तेव्हाही नंबर नव्हताच. हा आकडा मागं फिरवताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, त्यात हेच केलेलं होतं. एका डिस्कमध्ये कुणाच्या लेकीचं लग्न असतं, कुणाच्या आजोबांचं शेवटचं चित्रीकरण असतं. शाहूपुरी, दुधाळीच्या लोकांनी २०१९ च्या महापुरात कपाटं वर चढवायच्या घाईत काय काय गमावलं ते वेगळं सांगायला नको. डिस्क कुठलीही घ्या, दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवीच. तिथं कंपनीचा प्रश्नच येत नाही.

माझं म्हणणं शहरातल्या संगणक व्यापाऱ्यांना आहे. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहा. गिऱ्हाइकासमोर कंपनीच्या वेबसाइटवर तो सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या देशासाठीचा माल असेल किंवा संगणक कंपनीसाठीचा सुटा माल असेल, तर तो तिथंच कळतो. आणि वापरलेली डिस्क विकायची तर खुशाल विका, स्वस्त मिळाली तर आम्हीही घेऊ, फक्त बिलावर 'वापरलेली' असं लिहा. मालाचा दर्जा आणि प्रत जाणून घ्यायचा हक्क ग्राहकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेलाच आहे, आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण हातात नुसतं 'एचडीडी, १ नग' असेल तर त्या तक्रारीत नेमकी कुठली डिस्क म्हणून सांगायचं?

आपला,
एक व्हिडिओ शूटिंगवाला,
राजारामपुरी, कोल्हापूर