नाव न विचारणाऱ्यांचे आभार

ज्यांचे आभार मानायचेत त्यातल्या बऱ्याच जणांची नावं मला ठाऊक नाहीत. जी ठाऊक आहेत ती लिहिता येत नाहीत, कारण अल-अनॉनचा तो नियमच आहे. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ आपल्या मुंबईतही आहे. फी नाही, आणि कुणाच्या मुलाला कुणी नावं ठेवत नाही.

माझा मुलगा पितो. मुलगी घर सोडून गेली, बोलत नाही. दोघंही चाळिशीकडे झुकलेली, कान धरून समजवायचं वय कधीच गेलं. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: संस्कारात कुठे कमी पडलीस? गटातल्या एक ताई म्हणाल्या, "हा आजार तुम्ही आणला नाहीत, आवरणं आणि बरा करणंही तुमच्या हातात नाही." आधी रागच आला. रात्री मात्र झोप लागली.

तिथे देव ज्याला जसा उमजेल तसा. माझा वडाळ्याचा विठोबा. शेजारच्या बाई बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात आणि माझ्या पोरांसाठीही मेणबत्ती लावतात. त्यांच्यासाठी मी एकादशीला तुळस वाहते.

आणि हार्बर लोकलच्या लेडीज डब्यातली ती मुलगी! मी रडत होते, तिने काही न विचारता खिडकीची जागा दिली. गर्दीच्या वेळी, बरं का. बाळ, तुझेही आभार. मुलगा अजून पितोच. मुलीने दिवाळीला फोन केला होता.