बिलाबाहेरच्या कामाला हात हवेत

वाचकहो,

दादर, परळ, गिरगाव भागातल्या पुस्तकांच्या छोट्या, स्वतंत्र दुकानांसाठी आमचं वाचक मंडळ हे आवाहन करत आहे. पैसे हवेत, पण त्याहून जास्त तुमचा वेळ हवा आहे.

आधी हिशोब. 300 रुपयांच्या पुस्तकावर 30 टक्के कमिशन मिळालं, तर दुकानदाराच्या हातात 90 रुपये येतात. गिऱ्हाइकाला 10 टक्के सूट दिली की उरले 60. भाडं, पगार, वीज सगळं त्यातूनच. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हे वाचकाच्या भल्याचंच. पण विक्रीवर करच नसल्यामुळे भाड्यावर भरलेला जीएसटी दुकानाला त्यातून वळता करून घेता येत नाही. मग ज्या कामाचं बिल फाडता येत नाही, ते आधी मागे पडतं. फोर्टमधलं 1948 पासूनचं स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान 2018 मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळ खूप झाली. आम्ही दुकानं चालू असतानाच मदत मागतो आहोत.

सगळ्यात मोलाचं काम मागणी वहीचं. दुकानात नसलेलं पुस्तक कोणी मागितलं की तारीख, पुस्तक, लेखक आणि मागणाऱ्याचा फोन त्यात लिहितात. मग प्रकाशकाला विचारायचं, वितरकाला विचारायचं, तिथेही नसेल तर माटुंग्याच्या किंवा फोर्टच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे. नाव बहुधा अर्धवट सांगितलेलं असतं, निम्मा वेळ ते नक्की करण्यातच जातो. वही भरली की कपाटात जाते आणि पुढे नवी आवृत्ती निघाली तरी त्या माणसाला कळवायचं राहून जातं. एकाच पुस्तकासाठी तीन दुकानांत मिळून पंचवीस-तीस नावं आहेत असं दिसलं, तर प्रकाशकाकडे शब्द टाकता येतो. डिजिटल छपाईत आता 50-100 प्रतीही काढता येतात. पण तिन्ही वह्या शेजारी ठेवून पाहणारं कोणी नाही. त्या संगणकावर चढवायला दर शनिवारी दोन तास देणारी, युनिकोड मराठी टाइप करता येणारी माणसं हवीत. एका ओळीत एकच पुस्तक, आडनाव आधी. फोन नंबर दुकानापाशीच राहतील, एकत्र यादीत येणार नाहीत.

दुसरं काम जांगडीचं. छोटे प्रकाशक आणि पदरमोड करून पुस्तक काढणारे लेखक पाच-पाच प्रती जांगड ठेवतात: खपल्या तर पैसे, नाहीतर प्रती परत. नावही न ऐकलेलं असं पुस्तक इथे टेबलावर दिसतं, कोणीतरी उचलून चाळतं, घेतं. घोळ होतो तो हिशोबात. चलन (प्रती ठेवल्याची चिठ्ठी) हरवतं, प्रत कोणाची ते कळत नाही, वर्षभर पैसे अडकतात आणि तो लेखक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. प्रत्येक प्रतीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने चलन क्रमांक लिहावा (चिकटपट्टी नको, काढताना कागद सोलतो) आणि दर तीन महिन्यांनी मोजणी करावी. हिशोब जाणणारे दोघं-तिघं मिळाले तरी भागेल.

पावसाळ्याची तयारी मेअखेर व्हायला हवी. हिंदमाता परिसरात पाणी किती झपाट्याने चढतं ते सांगायला नको. खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर आणि मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे हवी. पुस्तकं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नयेत, आतला दमटपणा आतच राहतो. भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवलं तर पुठ्ठे वाकतात. ते पंख्याखाली ठेवावं, दर पंधरा-वीस पानांनी टिपकागद घालावा आणि ओला झाला की बदलावा. 48 तासांत बुरशी धरू लागते. गुळगुळीत कागदाची मुलांची चित्रपुस्तकं आधी हातात घ्यायची, कारण ती चिकटून वाळली की पानं सुटत नाहीत. यासाठी दुकानापासून चालत पोचू शकणारी माणसं हवीत. पाणी भरेल त्या दिवशी लोकल चालू असेलच असं नाही.

देणगी लागणार आहे ती चाकांच्या मांडण्यांसाठी. दुकानात कवितावाचन किंवा मुलांसाठी गोष्टी ठेवायच्या, तर मधली जागा मोकळी करता यायला हवी. दोन्ही बाजूंनी तीन-तीन कप्पे, उंची साडेचार फूट. त्याहून उंच मांडणी सरकवताना कलंडते. 19 मिमी प्लायची फळी अडीच फुटांपेक्षा लांब नको. पुस्तकांचं वजन फुटाला आठ-दहा किलो भरतं, लांब फळी मधे झोल खाते. भरलेली मांडणी दोनशे किलोंपर्यंत जाते, म्हणून प्रत्येकी 75 किलो पेलणारी 4 चाकं, त्यातल्या दोनांना ब्रेक. अशा 6 मांडण्या, प्रत्येकी 15 हजार, एकूण 90 हजार रुपये.

जुने दिवाळी अंकही आणा, त्यातल्या कित्येक कथा पुस्तकात आलेल्याच नाहीत. अनुक्रमणिका शाबूत हवी. कसर लागलेले अंक नकोत, ती शेजारच्या गठ्ठ्यात पसरते. गाइडं आणि पाठ्यपुस्तकं कृपया आणू नका.

धनादेश मंडळाच्या नावे द्या आणि पावती जरूर घ्या. खर्चाची बिलं दर महिन्याला दुकानांत लावू. वेळ देणाऱ्यांनी आपलं नाव, सोयीचा वार आणि जवळचं स्टेशन गल्ल्यावरच्या यादीत लिहावं. वह्यांचं काम सुरू करायला सहा जण पुरेत; सहा नावं झाली की लगेच येणाऱ्या शनिवारी बसू.