स्वागत समारंभात पाहुण्यांनी करायचं तरी काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईवरचा लेख वाचला. ड्रोन, प्री-वेडिंग शूट, हळदीची थीम, नवरीची एंट्री, सगळं त्यात आलं होतं. पाहुणे मात्र आले ते फक्त ताटांच्या हिशोबात. एवढे रुपये ताट, इतकी ताटं, संपलं. त्या ताटांमागच्या माणसांविषयी थोडं लिहावं म्हणून हे पत्र.

पत्रिकेवर छापलेलं असतं, ‘स्वागत समारंभ सायं. ७ ते आपल्या आगमनापर्यंत’. आपण बापडे सातला आगमन करतो. नवरा-नवरी ब्यूटिशियन आणि फोटोग्राफर यांच्या ताब्यात असतात, ती स्टेजवर यायला आठ वाजतात. आमच्या भागात जैन समाज मोठा आहे. त्यांच्यातली बरीच मंडळी सूर्यास्ताआधी जेवून येतात, म्हणजे त्यांना जेवणाचाही विरंगुळा नाही. मग पांढरे कव्हर घातलेल्या खुर्च्यांवर नवरीकडचे डावीकडे, नवऱ्याकडचे उजवीकडे, आणि सगळे मोबाइलमध्ये. नवरा-नवरी आली की स्टेजपुढे रांग लागते. पाकीट द्यायचं, फोटोग्राफर म्हणेल तिकडं बघायचं, उतरायचं आणि बुफेच्या रांगेत जायचं. विहिणीची चुलतबहीण कोण, नवऱ्याचे मामा कुठले, कुणाला काही पत्ता नसतो. चार-साडेचारशे माणसं एका छपराखाली येतात आणि ओळख न होता पांगतात.

लग्नातले आपले जुने खेळ आठवून बघा. परातीतल्या पाण्यात अंगठी शोधायची. मुठीतली सुपारी सोडवायची, त्यात नवरीला दोन्ही हात आणि नवऱ्याला एकच. विड्याच्या पानाचा तुकडा एकमेकांच्या दातांतून तोडायचा. बायका भोवती जमून हसून लोळायच्या. हे खेळ कशासाठी होते? माझ्या आईने माझ्या वडिलांना लग्नाआधी पाहिलंच नव्हतं. परक्या माणसाचा हात पहिल्यांदा हातात यायचा तो त्या परातीत, सगळ्यांच्या देखत, हसण्याखेळण्यात. दोघांची भीड मोडायची ती सोय होती. आताची जोडपी पाच-पाच वर्षं एकमेकांना ओळखतात, एका कंपनीत असतात, गोव्याला जाऊन आलेली असतात. त्यांची भीड केव्हाच मोडलेली असते. आज मांडवात परके कुणी असतील तर ते पाहुणे. मग खेळ घ्यायचे ते त्यांच्यात घ्या ना! अंगठी जरूर शोधा, गंमत असते, पण तेवढ्यावर थांबू नका, एवढंच माझं म्हणणं.

‘खेळ घेतात की हल्ली, अँकर असतो’ असं कुणी म्हणेल. असतो. २००४ साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि पैठणीचे खेळ गणेशोत्सवापासून लग्नापर्यंत सगळीकडे पोचले. आदेश बांदेकर लोकांच्या घरी जाऊन बायकांना बोलतं करायचे, त्यांना ‘वहिनी’ म्हणायचे, ते कसब होतं. त्याची नक्कल करणारे मात्र माईकवर ओरडतात. गुडघ्याची वाटी बदललेल्या बाईला संगीत खुर्चीत पळवतात, हात मागे बांधून केळी खायला लावतात. जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. त्या हजारोंच्या सभेला लागत नाही एवढा आवाज चारशे माणसांच्या हॉलमध्ये लावून ठेवतात. चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग मी माईकशिवाय सांभाळलाय, त्यामुळे मला याचं फार नवल वाटतं.

आणखी एक गोष्ट आवाजापेक्षाही जास्त खटकते. मागच्या वैशाखात एका स्वागत समारंभात निवेदकाने पुकारा केला, ‘फक्त सुवासिनींनी पुढे यावं!’ माझ्या शेजारी माझी मावसजाऊ होती. खेळ म्हणताच ती उत्साहाने उठली होती, पदर खोचला होता. करोनात तिचे यजमान गेले. ती गुपचूप परत खाली बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता घालून दिला. आम्ही भाषणात हेरवाडचा अभिमान सांगतो आणि लग्नाच्या लॉनवर सुवासिनी वेगळ्या काढतो. मी उठून निवेदकाच्या कानात सांगितलं. तो पोरगा बिचारा चांगला होता. म्हणाला, ‘मॅडम, माझ्या डोक्यातच आलं नाही.’ पुढचा खेळ त्याने ‘सगळ्या बायकांसाठी’ असा पुकारला. एक शब्द बदलायला यजमानांना काहीच खर्च येत नाही, पण तो त्यांनी आधी सांगायला हवा.

आता आमच्या घरच्या कार्यात काय केलं ते सांगते. भाच्याचं लग्न होतं. ताई म्हणाली, ‘तू मास्तरीण, सात ते आठ तुझ्याकडे.’

दारात अत्तर आणि गुलाब देतात, तिथे दोन पोरी बसवल्या आणि येणाऱ्याला एकेक चिठ्ठी दिली. नवरीकडच्यांना पिवळी, आमच्याकडच्यांना पांढरी. पिवळीवर जोडीतलं अर्धं, पांढरीवर उरलेलं अर्धं. सुई आणि दोरा, उखळ आणि मुसळ, कुलूप आणि किल्ली, पिठलं आणि भाकरी. आपला जोडीदार शोधायचा आणि दोघांनी मिळून माझ्या टेबलाशी यायचं. येऊन एकमेकांचं नाव, गाव आणि नवरा-नवरीशी नातं मला सांगायचं. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. त्यामुळे बोलल्याशिवाय सुटका नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका ‘तांबडा’ घेऊन ‘पांढरा कुणाकडे आहे हो?’ असं विचारत लॉनभर फिरले. पांढरा रस्सा निघाला तो नवरीच्या मावशींकडे, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. दोघं हसत हसत आली. नातं सांगताना कळलं की मावशींचे थोरले दीर आणि आमचे काका एकाच शाळेत, एकाच बाकावर होते. पुढचा अर्धा तास ती दोघं टेबलापासून हलली नाहीत, मागे रांग खोळंबली. मी काही बोलले नाही.

दुसरा खेळ म्हाताऱ्या आणि पोरांसाठी. जाड कापडाच्या पिशव्यांत एकेक जुनी वस्तू घातली होती. करंजीचं कातणं, सांडशी, रवी, सोऱ्या, धान्य मोजायची चिपटं, मापटं. आत हात घालून ओळखायचं, बघायचं नाही. एका संघात एक साठीच्या पुढचा आणि एक पंधराच्या आतला, दोन्ही घरचे मिळून. हात पोराने घालायचा आणि चाचपून वर्णन करायचं, नाव आजीने सांगायचं. ‘चाक आहे, दांडा आहे, चाकाला दाते आहेत,’ असं पोरगं सांगतंय आणि आजी ‘अरे कातणं, कातणं!’ म्हणून ओरडतेय. शेवटी एक प्रश्न ठेवला होता, पायलीचे शेर किती? चार, हे उत्तर एका आजोबांनी दिलं आणि मग मापटं, चिपटं, कोळवं अशी उतरती शिडीच म्हणून दाखवली. बक्षीस किलोची गुळाची ढेप. कोल्हापूर जिल्ह्यात गुळाची काय नवलाई, असं वाटेल, पण ती ढेप मांडीवर घेऊन आजोबांनी फोटो काढून घेतला. पैठणी ठेवली असती तर भांडणं झाली असती.

कडेला सतरंजी टाकून गजगे ठेवले होते, सागरगोटे म्हणा हवं तर. काचापाणीही सुचलं होतं, पण लग्नघरात फुटक्या बांगड्या बघून कुणाचं तरी तोंड वाकडं झालं असतं. सतरंजीवर कुणाला बोलवावं लागलं नाही. दोन बायका टेकल्या, मग पाच झाल्या. तिथे माझी मावसजाऊ सगळ्यात पटाईत निघाली. पोरांनी गजगे फरशीवर घासून एकमेकांना चटके दिले, ते शिकवावं लागत नाही.

स्टेजवर नवरा-नवरीला पाठीला पाठ लावून बसवतात आणि ‘जास्त रागीट कोण?’ असं विचारून चपला वर करायला लावतात, तो प्रकार मला पसंत नाही. वडीलधारे समोर आणि हातात चपला. आम्ही त्याऐवजी दोन्ही विहिणींची परीक्षा घेतली. नवरीच्या आईला प्रश्न जावयाबद्दल, नवऱ्याच्या आईला सुनेबद्दल. सूनबाई चहात साखर घेतात का? जावईबापूंना कोणती भाजी चालत नाही? आमच्या ताईला सुनेचा बिनसाखरेचा चहा बरोबर माहीत होता, टाळ्या पडल्या. विहीणबाई ठामपणे म्हणाल्या, ‘त्यांना दोडका फार आवडतो.’ भाच्याने लहानपणापासून दोडका ताटाबाहेर काढलेला. त्याने सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, ‘आवडतो.’ तिथे ताई जी हसायला लागली ती थांबेना.

उखाणे घेतले, पण नवरीकडून नाही. तिने दिवसभरात घास भरवताना, दारात, पूजेला घेऊन घेऊन ती दमली होती. पुरुषांनी घ्यायचे असं ठरवलं. तरुणांनी मोबाइलवर शोधून वाचले, त्यात राम नव्हता. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘वाडीचा पेढा, त्यात ताजा खवा, हिचं नाव घेतो, माईक आणखी कुणाला हवा?’ लोक ओरडायला लागले, ‘हिचं म्हणजे कुणाचं? नाव घ्या नाव!’ जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती त्यांनी. शेवटी घेतलं, इतकं हळू की मागच्यांना ऐकू गेलं नाही. आजींना मात्र तिसऱ्या रांगेत ऐकू गेलं. त्यांनी पदरात तोंड लपवलं.

लॉन उघड्यावर होतं, त्यामुळे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद. ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा हा नियम केल्याबद्दल सरकारचे मी आभारच मानते. माईक गेल्यावर उरलेल्या पन्नास-साठ जणांच्या गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. संघ मुद्दाम मिसळलेले, पिवळी चिठ्ठी आणि पांढरी चिठ्ठी एकत्र. ‘ळ’ आला तर ‘ल’ आणि ‘ण’ आला तर ‘न’, हे आधीच जाहीर करावं, नाहीतर वाद तिथेच होतात. केटरिंगवाली पोरं भांडी आवरता आवरता लांबून गाणी सुचवत होती. एक संघ ‘ठ’वर अडकला होता, तो एका वाढप्याने सोडवला. त्याला बर्फीचा पुडा मिळाला.

हे करायचं तर थोडी पथ्यं आहेत. जेवण सुरू झालं की खेळ थांबवायचा, गरम पोळीपुढे खेळाला कुणी विचारत नाही. कुणाला हाताला धरून ओढायचं नाही, बसून बघणारालाही बघू द्यायचं. नवरीचा रंग, वजन, स्वयंपाक, पगार यावर विनोद नाही, नवऱ्याच्या टकलावरही नाही. खेळ घेणारा माणूस शक्यतो घरचा असावा. निवेदक आणायचाच तर त्याला आदल्या दिवशी बोलावून दोन्ही घरांत कुणाला काय दुखतंय ते सांगावं, शरीराचंही आणि मनाचंही. आमचा सगळा खर्च चिठ्ठ्यांचा कागद, गुळाच्या ढेपा आणि बर्फी एवढाच झाला. नुसत्या एंट्रीच्या धुरावर आणि अनारांवर त्याच्या कितीतरी पट जातो.

आता एक अडचण आहे, आपले वाचक मदत करतील तर बरं. मार्गशीर्षात सोलापूरला पुतणीचं लग्न आहे. व्याही तेलुगू बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरचे. मराठी त्यांना उत्तम येतं, पण त्यांच्या आज्यांना गाणी येतात ती तेलुगू, आणि आमच्याकडच्यांना तेलुगूचं अक्षरही कळत नाही. भेंड्या घ्यायच्या तर शेवटचं अक्षर ठरवायचं कुणी? शिवाय त्यांच्याकडचे लग्नातले खेळ कोणते, तेही कळायला हवं, म्हणजे दोन्हीकडचे घेता येतील. सोलापूरकरांनी याच सदरातून कळवावं. लग्नाला अजून वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जयसिंगपूर, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

(नाव छापू नये ही विनंती. विहीणबाई आपलाच पेपर घेतात, आणि दोडक्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.)