कुंडाच्या पाण्यापायी

नांदेड

प्रिय बालाजी,

तुझा निरोप दिवाळीत मिळाला आणि उत्तर आज लिहितोय. चुकलंच माझं. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू.

उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी खोल बोअर मारून वीज करता येईल का, आणि झाली तर गावाचं काय, असं विचारलंस. तुझी सासुरवाडी तिथली, म्हणून नीट सांगतो.

कुंड गरम आहे म्हणून खाली वाफेचा साठा असेलच असं नाही. खडक किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंशांनी तापत जातो. पाणी एका भेगेतून खोल उतरतं, तापून दुसऱ्या भेगेतून वर येतं. कुंड तापायला तेवढं पुरतं. विजेसाठी दीडशे अंशांचं पाणी हवं तर चार-पाच किलोमीटर जावं लागेल. ते पाणी पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव तापवतं आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं.

माझा जीव अडकलाय तो वापरलेल्या पाण्यात. ते दुसऱ्या बोअरने परत खोल सोडलं नाही तर खालचा दाब उतरतो. न्यूझीलंडच्या वैराकेईचं केंद्र 1958 ला सुरू झालं, पाणी वर्षानुवर्षं नदीत सोडलं. जवळचे उकळते फवारे आटले, जमीन काही जागी दहा मीटरहून जास्त खचली. बरं, परतीचा बोअर फार जवळ घेतला तर थंड पाणी मूळ बोअरलाच गार करतं. आणि आपलं कुंड आटलं तर अंगाच्या खाजेसाठी नाहायला येणारी माणसं थांबतील, नारळ-उदबत्तीची दुकानं बसतील.

आबांच्या बोअरला वीस फुटांऐवजी दहाच फूट केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरणारा पाइप, घातलं म्हणून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आठवतं? तू पैशाचं बोलत होतास, मी गाळाचं. इथं तोच वाद किलोमीटरात आहे. पाइप एकात एक उतरवतात, पाइप आणि खडकामधली फट सिमेंटने वरपर्यंत भरतात. ती कुठं पोकळ राहिली की खालचं क्षाराचं, कधी फ्लोराइड-आर्सेनिकचं पाणी वरच्या विहिरींत शिरतं.

आणि भूकंप. किल्लारीचा यात संबंध नाही, पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरणार नाही. खडक कोरडा निघाला तर भेगा उघडायला दाबाने पाणी कोंबतात. 2006 ला स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये असंच पाणी कोंबून पंप थांबवल्यावर काही तासांनी 3.4 चा धक्का बसला. कोरियातल्या पोहांगला 2017 मध्ये 5.5 चा. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, अशी घरं अजून किती उभी आहेत तुझ्याकडं, मोजून बघ.

उद्या कुणी ना-हरकत मागायला आलंच, तर ग्रामसभेत एवढं लेखी घ्या: परतीचा बोअर आधी, वीज नंतर, भूकंपमापक यंत्रं वर्षभर अगोदर, प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो. हे न देणाऱ्याला सही देऊ नका. माझं मत कुणालाही सांग, लपवायचं काही नाही.

पोरीचं नर्सिंगचं झालं का? सोयाबीनला भाव काय मिळाला?

एक काम मात्र आजच लाव. दर पौर्णिमेला सकाळी थर्मामीटर कुंडात पाच मिनिटं धरायचा, आणि वीस लिटरची बादली निघत्या धारेखाली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहायचं. आटल्यावर ‘आधी एवढं होतं’ म्हणायला ती वहीच लागेल. थर्मामीटर सोमवारच्या एसटीने पाठवतो.

तुझा,
व्यंकट